माफी कशाची मागितली?

शहाण्या माणसाने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. उनाइसी चांगली शहाणी होती, तरी तिच्यावर ती चढायची वेळ आली. एकदा चढल्यावर मात्र तिने ती अशी झिजवली, की आमच्या बेटावरच्या लंबासाच्या कोर्टातला पहारेकरी तिला लांबून बघूनच बाकावरचं आपलं वर्तमानपत्र उचलून जागा करायला लागला.

तिच्या मुलाला, मालाकाईला, चार वर्षांची सजा झाली होती. खोबरं वाळवायची एक शेड कुणीतरी पेटवली आणि नाव आलं त्याचं. त्या रात्री मालाकाई तिकडे सावुसावुला चर्चच्या गायनस्पर्धेत उभा राहून खर्जात गात होता. चाळीस गाणारे, एक पाद्री आणि बसचा ड्रायव्हर, एवढे लोक शपथेवर सांगायला तयार होते. खटल्याच्या दिवशी ते सगळे बस करून आलेसुद्धा. वकील इसिकेली द्राउना आला दहा मिनिटं आधी, एका हातात टाय, दुसऱ्या हातात अर्धा खाल्लेला पाव. चाळीस साक्षीदार कोर्टाबाहेरच्या झाडाखाली चटया टाकून संध्याकाळपर्यंत बसून राहिले. एकालाही आत हाक आली नाही.

सजा ऐकून बाहेर आल्यावर उनाइसीने त्याच झाडाखाली वकिलाला गाठलं.

"वरच्या कोर्टात जायचं," ती म्हणाली.

"जायचंच, मावशी! हे काय विचारणं झालं? आजच कागद टाकतो. तुम्ही निश्चिंत घरी जा."

अपील करायला अठ्ठावीस दिवसांची मुदत होती. अठ्ठावीसचे छप्पन्न झाले, मग सहा महिने झाले. उनाइसी दर पंधरवड्याला पहाटेची बस धरायची. रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जायची आमच्याकडे रीत नाही, म्हणून कधी नारळाच्या झापात विणून बांधलेले जिवंत खेकडे, कधी दालोच्या कंदांची जुडी. इसिकेली खेकडे घ्यायचा, त्यांच्या नांग्यांचं तोंडभर कौतुक करायचा आणि म्हणायचा, "टाकलंय मावशी, वरचं कोर्ट म्हणजे जरा वेळ लागतो." शिकलेल्या माणसाकडे कागद दाखव म्हणून हट्ट धरणं आमच्या लोकांना उद्धटपणा वाटतो. ही आमची जुनी खोड. ज्याच्याकडून पावती घ्यायची त्याला आम्ही खेकडे देतो आणि वर आभार मानतो.

अकराव्या महिन्यात वकिलाच्या दाराला कुलूप होतं. परतीच्या बसला दोन तास होते. उनाइसी सरळ कोर्टाच्या खिडकीशी गेली आणि तिथे बसणाऱ्या शशिकलाला म्हणाली, "पोरी, माझ्या मुलाचं अपील कुठवर आलं ते बघ."

शशिकलाने वही काढली, मग दुसरी वही काढली, मग कॉम्प्युटर बघितला. तिचा चेहराच उतरला.

"काकी, अपील आलेलंच नाही."

"उशिरा आलं असेल."

"उशिराही नाही. कधीच नाही."

उनाइसीला रडू आलं नाही. तिला राग आला, आणि तो इतका स्वच्छ होता की तिचं तिलाच बरं वाटलं. अकरा महिने मनात जे कुसळ बोचत होतं त्याला निदान नाव मिळालं. खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही हात टेकून ती म्हणाली, "आता काय करता येतं ते सांग. काय करता येत नाही ते मला वकिलाने पुष्कळ सांगितलंय."

शशिकलाने आवाज खाली आणला. "उशिरा अपील घेतात, काकी. पण न्यायाधीश विचारणार, उशीर का? वकिलाने ठेवून दिलं हे सिद्ध झालं तर घेतील. नुसतं तुम्ही म्हणून चालणार नाही. एक तर त्याने कबूल करायला पाहिजे, नाहीतर वकिलांच्या तक्रारी ऐकणारं मंडळ आहे तिकडे राजधानीत, सुवाला, त्यांनी तसं ठरवायला पाहिजे. अर्ज करा. साधं लिहा, तारखा घाला, शिव्या घालू नका."

"एक पण नाही?"

"एक पण नाही, काकी."

उनाइसीने दोन पानं लिहिली. शिव्या मनात घातल्या.

दीड महिन्याने मंडळाने वकिलाचं उत्तर तिला पाठवलं. उत्तर एका ओळीचं होतं: अशिलाने मला अपील करायला कधी सांगितलंच नव्हतं. चोराच्या उलट्या बोंबा! झाडाखालचं बोलणं, साक्षीला फक्त झाड. मंडळाने सुनावणीची तारीख दिली आणि गावात जो तो उनाइसीला सांगू लागला, की शिकलेल्याशी भांडून कुणाचं भलं झालंय?

मग एका शनिवारी सकाळी खाडीपलीकडून होडी आली.

होडीत इसिकेलीच्या गावची पाच माणसं होती. पुढे होता म्हातारा साकियुसा. प्रत्येक गावाचा एक बोलणारा असतो. सरदाराच्या वतीने, गावाच्या वतीने जे काय बोलायचं ते तोच बोलतो, आणि तो जे बोलला ते अख्खं गाव बोललं असं धरतात. साकियुसा चाळीस वर्षं ते काम करत होता. त्याच्या हातात देवमाशाचा दात होता, दोरीने बांधलेला, जुन्या लोण्यासारखा पिवळा पडलेला. सगळ्यांच्या मागे, मान खाली घालून, वकील इसिकेली. आज टाय नव्हता. कमरेला लुंगी आणि वरून चटई गुंडाळलेली, शोकाला गुंडाळतात तशी.

दात घेऊन माफी मागायला आलेल्याला आमच्याकडे दारातून परत पाठवत नाहीत. खून झाला तरी पाठवत नाहीत. उनाइसीच्या दिरांनी, वाइसाकेंनी, गावच्या बैठकीच्या घरात चटया टाकायला लावल्या. बायकांची जागा दाराकडे. उनाइसी तिथे पाय दुमडून बसली. नवरा गेल्यापासून असल्या बाबतीत तिच्या वतीने दीरच बोलायचे. पण दात उचलायचा की नाही, हे ते तिच्याकडे बघूनच ठरवणार होते.

हा माणूस का आला, हे तिला बसल्या बसल्या कळलं. तिने दात घेतला की भांडण मिटलं, भांडण मिटलं की तक्रार मागे, तक्रार मागे की सुनावणी नाही. इसिकेलीने हा उपाय याआधी दोन गावांत केला होता, असं तिच्या कानावर आलंही होतं. सुवाला खोटं बोलून झालं होतं. आता इथे वाकलं की दोन्हीकडून सुटका.

पण एक गोष्ट तो विसरला होता. इतकी वर्षं शहरात काढल्यावर माणूस विसरतोच. आमच्याकडे नुसतं "चुकलं असेल तर माफ करा" म्हणून दात देता येत नाही. काय चुकलं ते बोलावं लागतं. न बोलता दिलेला दात म्हणजे नुसतं हाड. आणि साकियुसा हा जुना माणूस. पूर्ण हकीकत कळल्याशिवाय तो दाताला हातच लावायचा नाही. गावच्या घरातले शब्द गावच्या घरात राहतात, अशा भरवशावर इसिकेलीने त्याला सगळं सांगून टाकलं होतं.

साकियुसाने दोन्ही हातांनी दात पुढे धरला.

"या घराच्या उंबऱ्याशी आम्ही खाली बसलोय," तो म्हणाला. "आमच्या मुलाने या आईकडून शब्द घेतला, कोर्टाबाहेरच्या झाडाखाली, सजेच्या दिवशीच. वर जायचं, असं ती म्हणाली. जातो, असं हा म्हणाला. हा गेला नाही. अकरा महिने गेलो गेलो म्हणत राहिला आणि तिच्या हातचं खात राहिला. त्याची माफी. मग तिने दाद मागितली तेव्हा हा म्हणाला, तिने मला सांगितलंच नव्हतं. ते खोटं. त्या खोट्याचीही माफी."

शेवटच्या दोन वाक्यांना इसिकेलीची मान झटकन वर आली. साकियुसाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

 वाइसाकेंनी दाराकडे बघितलं. उनाइसीच्या पोटात अकरा महिन्यांचा राग होता, आणि तो टाकायला तिला जड जात होतं, हे काय खोटं सांगायचं? पण समोरचा म्हातारा खरं बोलला होता. ज्या खऱ्यासाठी ती बस बदलत फिरली, ते तिच्या दारात आपल्या पायांनी आलं होतं. तिने मान हलवली. वाइसाकेंनी दात उचलला. सगळ्यांनी हात पोकळ करून टाळ्या वाजवल्या, यांगोनाची मुळं प्यायला पाण्यात घोळायला घेतली आणि भांडण मिटलं.

दुसरा प्याला फिरत असताना इसिकेली तिच्याजवळ सरकला. लुंगीच्या घडीतून त्याने एक कागद काढला.

"मावशी, इथे एक सही. आता सगळं गोड झालंय ना."

"वाच."

"काही नाही हो, नेहमीचंच. गैरसमजातून तक्रार केली, ती मागे घेते."

"गैरसमज?" उनाइसीने विचारलं. "आत्ता तुझ्या वतीने जे बोलले, त्यात गैरसमज कुठे होता रे?"

"मावशी, तुम्ही दात घेतलात. विषय संपला! रीत आहे."

"संपला. तुझ्यामाझ्यातला संपला. माझा राग पुरला मी, इथेच, या चटईखाली. पोराला पुरायचं कबूल केलं नव्हतं." तिने कागद त्याच्या हातात परत दिला. "आणि यांगोना पी, गार होतीय." यांगोना असतेच गार. दाराजवळच्या बायका तोंडाला पदर लावल्यासारखं करून हसल्या.

होडी गेल्यावर वाइसाके मात्र हसले नाहीत.

"उनाइसी, एक सांगतो. आज साकियुसा जे बोलला, ते सुवाला जाऊन सांगायचं नाही. माणूस माफी मागायला वाकला आणि आपण त्याचेच शब्द त्याच्या गळ्यात अडकवले, असं झालं तर उद्या कुणी कुणाच्या दारात दात घेऊन येणार नाही."

तिला हे पटलं. पटलं म्हणूनच ती चिडली. "मग मालाकाईने काय करायचं, भाऊजी? मी दात घेतला म्हणून तुरुंगात बसून राहायचं?"

"तसं मी म्हटलं नाही. शब्द न्यायचे नाहीत, एवढंच म्हटलं."

ती दोन दिवस विचार करत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने यांगोनाच्या मुळांची जुडी घेतली, पुतण्याच्या होडीत बसली आणि खाडीपलीकडे साकियुसाच्या घरी गेली. दोन्ही गावांचा मूळपुरुष एक, त्यामुळे एकमेकांना टोमणे मारायचा हक्क पिढीजात. म्हाताऱ्याने तो लगेच बजावला.

"आली! खेकडे वाटणारी आली. मला आणलेस का, की सगळे वकिलांनाच?"

"तुमच्या गावाने माझे एवढे खेकडे खाल्ले, की कुणाला सरळ चालता येईना. म्हणून आणले नाहीत."

म्हातारा खो खो हसला. हसून झाल्यावर गंभीर झाला. "साक्ष दे म्हणून आली असशील तर परत जा. मी त्याच्या वतीने बोललो. त्याच्याविरुद्ध बोलणार नाही."

"बोला म्हणत नाही."

"मग?"

"सुनावणीला या. मागच्या बाकावर बसा. शब्दही काढू नका."

 "नुसता बसू?"

"नुसते बसा."

"भाडं कोण देणार, तुझा बाप?"

"बोटीत माझ्या शेजारी बसा. माझी चटई मोठी आहे."

तो येईन म्हणाला नाही, येणार नाही असंही म्हणाला नाही. सुवाच्या बोटीवर ती चढली तेव्हा म्हातारा तिच्या आधीच वरच्या डेकवर जागा अडवून झोपलेला होता.

सुनावणीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती, आणि एसीने अशी गार केलेली की उनाइसीने शाल दोनदा गुंडाळली. समोर तिघं जण. मधे पिकल्या केसांच्या अध्यक्षबाई. इसिकेलीने स्वतःसाठी सुवाचा वकील केला होता. वकिलालाही वकील लागतो, हे बघून तिला फार समाधान वाटलं.

सुवाच्या वकिलाने सुरुवातच अशी केली: "हे प्रकरण मिटलेलं आहे. तक्रारदार बाईंनी रीतीप्रमाणे दात स्वीकारला आहे. शिवाय अपील करण्याची सूचना माझ्या अशिलाला कधी मिळालीच नव्हती."

अध्यक्षबाईंनी उनाइसीला विचारलं, "तुम्ही दात स्वीकारला?"

"हो."

"म्हणजे तुम्ही यांना माफ केलंत?"

"केलं. मनापासून केलं."

"मग तुमची तक्रार शिल्लक काय राहिली?"

उनाइसी उभी राहिली.  इतके दिवस बाकांवर बसून बसून हे सगळं तिला आता आपल्या स्वयंपाकघराइतकं ओळखीचं झालं होतं.

"बाई, माझा एकच प्रश्न आहे, आणि तो यांना आहे. मी यांना काही सांगितलंच नव्हतं, असं हे म्हणतात. बरं. मग माफी कशाची मागितली? गावची पाच माणसं घेऊन, अंगावर चटई घेऊन, खाडी ओलांडून हे आले. कशासाठी आले? तिथे काय बोलणं झालं ते मी सांगणार नाही. तसा शब्द मी माझ्या माणसांना दिलाय. यांनीच सांगावं."

सुवाचा वकील उठला. "ती एक सर्वसाधारण सद्भावना होती, गैरसमज दूर व्हावा म्हणून..."

"तुम्ही खाली बसा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मिस्टर द्राउना, तुम्हीच सांगा."

इसिकेली उभा राहिला. सद्भावना हा शब्द त्याच्या ओठावर आलेला उनाइसीला दिसला. तेवढ्यात त्याची नजर खोलीच्या मागे गेली.

शेवटच्या बाकावर साकियुसा बसला होता. धुतलेला पांढरा सदरा, मांडीवर हात, तोंड मिटलेलं. रागावलेला नव्हता, काही मागत नव्हता. नुसता बसला होता.

इसिकेली आता सद्भावना म्हणाला, की साकियुसा खोटा पडणार होता. साकियुसा खोटा पडला की त्याचं अख्खं गाव खोटं, आणि त्या गावाने आजवर दिलेला प्रत्येक दात खोटा. मंडळाशी खोटं बोलायला त्याला काही वाटलं नव्हतं. मंडळ त्याला जन्मापासून ओळखत नव्हतं.

 सुवाचा वकील त्याची बाही ओढत होता.

"मावशींनी मला सांगितलं होतं," इसिकेली म्हणाला. आवाज इतका बारीक की लिहून घेणाऱ्या मुलीने मान वर केली. तो पुन्हा मोठ्याने म्हणाला. "सजेच्या दिवशीच सांगितलं होतं. मी अपील केलं नाही. केलं म्हणून सांगत राहिलो. आणि तुम्हाला जे लिहून दिलं, ते खोटं होतं. माफी त्याची मागितली."

"का केलं नाहीत?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

 "राहून गेलं," तो म्हणाला. "मग मुदत संपली. मग लाज वाटली. मग सवय झाली."

उनाइसीला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हुंदका आला. कपट असतं तर तिला ते समजलं असतं. तिच्या पोराचं एवढं आयुष्य गेलं होतं ते नुसतं राहून गेलं म्हणून.

मंडळाने तीन वर्षं त्याची वकिली बंद केली. खोटं लिहून दिल्याबद्दल वेगळे ताशेरे ओढले. तिच्यासाठी महत्त्वाचं होतं ते निर्णयातलं चौथं पान: अपील झालं नाही, तो दोष संपूर्णपणे वकिलाचा. शशिकलाने त्या पानाची प्रत नव्या अर्जाला स्वतःच्या हाताने टाचली. वरच्या कोर्टाने उशिराचं अपील घेतलं. बस पुन्हा निघाली. चाळीसपैकी सदतीसच गाणारे होते आता, दोघी लग्न होऊन बेटाबाहेर गेल्या आणि एक देवाघरी. पण या वेळी आत हाक आली, एकामागून एक. सातव्या साक्षीदारानंतर सरकारी वकीलच म्हणाला, आता पुरे. मालाकाई सुटला तेव्हा त्याची आत दीड वर्षं होऊन गेली होती.

तो घरी आला त्या दिवशी अख्खं गाव जेवलं. सगळे पांगल्यावर तो आईजवळ येऊन बसला. तो वाळला होता आणि त्याचा आवाजही बसला होता.

"आई, तू त्याचा दात घेतलास म्हणे."

"घेतला."

"सगळं माफ केलंस?"

उनाइसी ताटल्या पुसत होती. ती थांबली.

"माझ्यापुरतं केलं," ती म्हणाली. "त्याने मला खोटं सांगितलं, मला फिरवलं, ते माझं होतं, ते मी सोडलं. तू आत काढलेले दिवस माझे नाहीत. ते माफ करायचे मला काय हक्क?"

मालाकाईने खाडीपलीकडच्या दिव्यांकडे बघितलं.

"म्हणजे माझ्याकडे तो अजून आलेलाच नाही," तो म्हणाला.

"नाही," उनाइसी म्हणाली. "तुझ्याकडे अजून कुणीच आलेलं नाही."